साऱ्या गावाचं झाड

११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याच्या शिवारात दोन मुघल सरदारांच्या फौजा एकमेकींना भिडल्या. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान. मुबारिजखान मारला गेला, दख्खन निजामाच्या हाती आली आणि पुढे सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या आसफजाही राजवटीचा पाया या वऱ्हाडी मातीत घातला गेला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवलं. ते नाव इतिहासाच्या पुस्तकांत उरलं. माणसांच्या तोंडी गाव साखरखेर्डाच राहिलं.

आज बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात असलेल्या या गावात वीरशैव परंपरेचा पळसिद्ध मठ आहे आणि रामदासी परंपरेतलं प्रल्हाद महाराजांचं संस्थानही आहे. तालुक्याच्या गावी जिजाऊंचं जन्मस्थान आहे, जवळच उल्केच्या आघाताने तयार झालेलं लोणारचं सरोवर आहे. इतिहासाची, श्रद्धेची आणि भूगोलाची अशी दाटी असलेल्या या टापूत एखाद्याला जुनं काही पाहायचं असेल, तर त्याला देवळं, बारवा, गढ्या, समाध्या दाखवल्या जातात. वड मात्र कोणी मुद्दाम दाखवत नाही. त्याच्या सावलीत थांबूनच बाकीचं दाखवलं जातं. वडाविषयीचं लेखन साखरखेर्ड्यासारख्या गावापासून सुरू करायचं ते याचसाठी. गढी कोणाची तरी असते, बारव कोणीतरी बांधलेली असते, समाधीवर नाव असतं. जुना वड कोणी लावला हे बहुधा कोणालाच ठाऊक नसतं आणि तो कोणाचा आहे हा प्रश्न गावात कोणी विचारतही नाही. तो देवाचा म्हणून साऱ्यांचा. वडाच्या पावित्र्याचा सगळा अर्थ या एका गोष्टीभोवती फिरतो. ज्या झाडावर देवाचं नाव लागलं, त्या झाडावर कोणा एकाची कुऱ्हाड चालत नाही.

वऱ्हाडातला उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे त्याला हे पावित्र्य समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. कापूस आणि सोयाबीनची काळी रानं उघडी पडतात, बाभळीची सावली अंगावर टिकत नाही. अशा दिवसांत वडाला तांबूस कोवळी पालवी फुटते आणि त्याच्या खाली भर दुपारीही माणूस, बैल, शेळ्या असे सगळे एकत्र विसावतात. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात, पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याची नोंद करून ठेवली आहे. त्यात पशूंचा उल्लेख माणसांच्या आधी येतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही राजाज्ञा वाचताना कुठलाही वऱ्हाडी गुराखी मान डोलावेल.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या भागातून जाते. मैलोन्‌मैल चाललेल्या वारकऱ्याला रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाचं मोल विचारावं. तो आधी टेकतो, पाणी पितो, मग नमस्कार करतो. टेकणं आणि नमस्कार करणं या दोन गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या नसतात.

सावली आली की पार येतो. बुंध्याभोवती दगड रचून, माती भरून केलेला हा ओटा म्हणजे गावाचं सभागृह, न्यायालय आणि वर्तमानपत्र. बैलांचे सौदे, सोयरिकीची बोलणी, पावसाचे अंदाज, निवडणुकीची गणितं, रात्रीचं भजन असं सगळं त्याच्यावर चालत आलं आहे. मुंबईच्या शेअर बाजाराचा प्रारंभही असाच झाला. १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमू लागले आणि १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना उभी राहिली.

पण पाराची ही गोडी सांगताना एक कडू गोष्ट झाकता येत नाही. सावली सगळ्यांवर पडत होती. ओट्यावर चढण्याचा हक्क मात्र सगळ्यांना नव्हता. अनेक गावांत दलितांना पारावर बसू दिलं जात नव्हतं आणि बायकांची वर्दळ तिथे वर्षातून एखाद्या सणापुरती असे. वडाने जे वाटून दिलं ते माणसांनी पुन्हा आखून घेतलं. पाली विनयातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बोधी मिळाल्यानंतर बुद्ध ‘अजपाल’ नावाच्या वडाखाली बसले असताना तिथे एक गर्विष्ठ ब्राह्मण आला आणि माणूस ब्राह्मण कशाने होतो असं त्याने विचारलं. बुद्धांनी उत्तरात जन्माचं नाव काढलं नाही, आचरणाची लक्षणं सांगितली. अजपाल म्हणजे शेळ्या राखणारा. शेळ्या चारणाऱ्यांच्या झाडाखाली हा संवाद व्हावा, यापेक्षा योग्य जागा त्याला मिळाली नसती. बुलढाणा जिल्ह्यात बुद्धविहारं गावोगावी आहेत. म्हणून इथल्या वडाचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना हा प्रसंग सत्यवान-सावित्रीच्या कथेच्या बरोबरीने सांगितला गेला पाहिजे.

वडाभोवतीच्या कथांमध्ये विचाराची फार मोठी संपत्ती साठलेली आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला सांगतो. ते फोडायला लावतो. आत बारीक बिया. त्यातली एक फोडायला लावतो. आत काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातून एवढा वड उभा राहतो आणि तेच तुझंही मूळ आहे, असं बाप मुलाला सांगतो. अध्यात्मातला सर्वांत गहन सिद्धांत शिकवायला उद्दालकाला ना यज्ञ लागला ना मूर्ती. अंगणाबाहेर पडलेलं एक फळ पुरलं. शिवाचं दक्षिणामूर्ती हे रूप वडाखाली बसून मौनातून शिकवतं. प्रलयाच्या पाण्यात मार्कंडेयाला वडाच्या पानावर निजलेला बालक दिसतो. पहिले तीर्थंकर ऋषभनाथ यांना केवलज्ञान झालं ते वडाखालीच, असं जैन परंपरा मानते. तीन धर्मांनी हे झाड जवळ केलं आणि तिघांनीही त्याला ज्ञानाशी जोडलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

महाराष्ट्राच्या घराघरांत मात्र वड पोहोचला तो ज्येष्ठ पौर्णिमेला. सावित्रीची मूळ कथा महाभारताच्या वनपर्वातली. तिच्याभोवती वडाची पूजा, सुताचे फेरे, आंब्यांचं वाण, ओटी हे सगळं व्रतकथांनी आणि बायकांच्या रीतीरिवाजांनी गुंफलं. वटपौर्णिमेवर आजवर टीकाही भरपूर झाली आणि तीत तथ्य आहे. नवऱ्यासाठी बायकोने उपास करायचा, विधवेने त्या दिवशी वडाकडे फिरकायचंही नाही, ही रीत कोणत्याही सरळ माणसाला खुपावी. पण वनपर्वातली सावित्री वाचली तर ती मुकाट उपास करणारी बाई नव्हे. स्वतःचा नवरा स्वतः निवडणारी, तो वर्षभरात मरणार हे कळूनही निर्णय न बदलणारी, यमाच्या मागे चालत राहून त्याच्याशी धर्मावर बोलणारी अशी ती आहे. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं गेलेलं राज्य, वडिलांना पुत्र असं एकेक मागत ती शेवटी स्वतःसाठी पुत्र मागते. यम ‘तथास्तु’ म्हणतो आणि नवऱ्यावाचून ते कसं घडेल या पेचात अडकतो. बुद्धीच्या बळावर मृत्यूला परत फिरवणारी अशी दुसरी नायिका पुराणांत शोधावी लागेल.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. त्यानंतर आलेल्या वटपौर्णिमेला काही ठिकाणी विधवा स्त्रियांनीही वडाला फेरे घातले. व्रत असं बदलू शकतं. ज्या झाडाखाली सावित्रीने वाद जिंकला म्हणून लोक सांगतात, त्याच्यापासून कोणत्याही बाईला दूर ठेवण्याचं कारण कोणाला देता येईल?

वऱ्हाडाच्या मनात वडाला आणखी एक जागा आहे आणि ती याच जिल्ह्यात आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात, देविदास पातुरकरांच्या घराजवळ, बंकटलाल अग्रवाल यांना एक तरुण अवलिया उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना दिसला. गजानन महाराजांचं हे पहिलं दर्शन वडाखाली झालं असं भाविक परंपरा सांगते. त्याच वर्षी ३० एप्रिलला अक्कलकोटच्या स्वामी समर्थांनी देह ठेवला. अक्कलकोटातल्या वास्तव्यात स्वामी ज्या वडाखाली बसत, तिथेच आज वटवृक्ष मंदिर उभं आहे आणि स्वामींचं ते देवस्थान झाडाच्याच नावाने ओळखलं जातं. त्या एकाच वर्षात सुमारे दोन महिन्यांच्या अंतराने महाराष्ट्राच्या भक्तिजीवनातल्या दोन मोठ्या घटना घडल्या आणि दोन्हींच्या आठवणींत वड आहे. भाविक यात संकेत पाहतात. इतिहासाच्या अंगाने पाहिलं तरी याला अर्थ आहे. ज्याला घर नाही, कुळ कोणाला ठाऊक नाही, जो कोणाच्या उंबऱ्यात हक्काने शिरू शकत नाही, अशा माणसाला गावात बसायला जागा एकच असते: ज्या झाडाला मालक नाही त्याची सावली. घरांनी ओळखण्याआधी संतांना वडांनी आसरा दिला.

किड्या-पाखरांनाही वडाचाच आसरा असतो. वडाची लालबुंद फळं म्हणजे खरं तर उलट्या केलेल्या फुलोऱ्याच्या पिशव्या. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला असतात, म्हणून वडाला फूल येताना कोणी पाहत नाही. त्यांचं परागीभवन करते वडावरच जगणारी एक इवलीशी गांधीलमाशी. फळाच्या टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून मादी आत शिरते तेव्हा तिचे पंखही तुटतात. ती आत अंडी घालते, सोबत आणलेला पराग फुलांना देते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं मोठी होतात, त्यांतल्या माद्या नवा पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे उडतात. ही माशी नसेल तर वडाला बी धरणार नाही. वड नसेल तर ही माशी उरणार नाही. एवढ्याशा जिवाच्या भरवशावर हे अजस्र झाड उभं आहे. उद्दालकाने मुलाला दाखवलं त्याच्याच शेजारी हेही दाखवण्यासारखं होतं.

फळं पिकली की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल येतो. तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकिळा, राखी धनेश येतात, रात्री वटवाघळं येतात. गावात दुसरं एखादंच झाड इतक्या जिवांना एकाच वेळी जेवू घालतं. त्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा भिंतीच्या फटीत रुजतं. वड आधी पाहुणा म्हणून येतो, मुळं जमिनीकडे सोडतो आणि कधी कधी ज्या झाडाने आधार दिला त्यालाच वेढून टाकतो. जुन्या बारवांचे, देवळांचे चिरे वडा-पिंपळाच्या मुळांनी फाकवल्याचं चित्र बुलढाणा जिल्ह्यात नवं नाही. तिथे जपायचं काय, वास्तू की झाड, हा प्रश्न खरा आहे. रोप हाताएवढं असतानाच काढून मोकळ्या जागेत लावलं तर दोन्ही वाचतात. उशीर झाला की एकाला मुकावं लागतं.

पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचे खांब होतात आणि मूळ बुंधा गेला तरी झाड जगतं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या विख्यात वडाचा मुख्य बुंधा बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये कापून काढावा लागला. त्यानंतर शंभर वर्षांत तो पारंब्यांवर पसरतच राहिला आहे. आंध्र प्रदेशातला तिम्मम्मा मर्रिमानु त्याहूनही विस्तीर्ण. महाराष्ट्राचा मानदंड होता सातारा जिल्ह्यातल्या म्हसव्याचा वड. १८८२ मध्ये ब्रिटिश अधिकारी ली वॉर्नर यांनी त्याची मापं घेतली तेव्हा त्याचा घेर १,५८७ फूट भरला. दक्षिणोत्तर ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम ४४२ फूट. त्या काळच्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत हे आकडे आदराने उद्धृत केले जात. आज त्याचं ते सलग छत्र राहिलेलं नाही. भारतातून गेलेलं एक रोप १८७३ मध्ये हवाई बेटांवरच्या लाहायना गावात लावलं गेलं. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात गाव बेचिराख झालं, वड होरपळला, आणि काही आठवड्यांत त्याला पुन्हा पालवी फुटली. तिथल्या लोकांनी टँकरने पाणी घालून तो जगवला. त्यांना सावित्री ठाऊक नव्हती, तरी गाव पुन्हा उभं राहील याचा पुरावा म्हणून त्यांनी त्या झाडाकडेच पाहिलं.

वडाच्या आठवणी सगळ्या गोड नाहीत. साताऱ्यात गेंडामाळावर १८५७ च्या उठावातल्या बंडवाल्यांना ज्या जागी देहदंड दिला, तिथला वड ‘फाशीचा वड’ म्हणूनच ओळखला जातो. सार्वजनिक झाड सत्तेलाही सोयीचं असतं. चार गावांचे डोळे जिथे वळतात तिथेच दहशत बसवायची असते.

आताचा धोका वेगळा आहे. २०२० च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी, यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळचा सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत आला. गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्याभोवती उभे राहिले, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं आणि रस्त्याची आखणी बदलली. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वड कोसळला. त्यामुळे आंदोलन वाया गेलं असं म्हणणं बरोबर नाही. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग वळू शकतो हे महाराष्ट्राने पाहिलं. मात्र जुन्या झाडाभोवतीची माती उकरली जाते, मुळं तुटतात, एका अंगाच्या फांद्या छाटल्या जातात, तेव्हा झाडाचा तोल जातो. नुसतं कुऱ्हाडीपासून वाचवणं पुरत नाही, हाही धडा घ्यायला हवा. साखरखेर्ड्याच्या परिसराला हे विशेष लागू आहे. समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा आणि मेहकर तालुक्यांतून गेला आहे, आणि मोठा रस्ता आला की त्याला जोडणारे छोटे रस्तेही रुंद होतात. गावाच्या वेशीवरचे वड याच छोट्या रस्त्यांच्या कडेला असतात.

दुसरीकडे, मुंबई-पुण्याच्या बाजारांत वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडाच्या फांद्यांच्या जुड्या विकायला येतात. जवळ झाडच नाही म्हणून बायका फांदी घरी आणून पुजतात. त्यांच्या श्रद्धेला नावं ठेवण्याचं कारण नाही; त्यांच्या वस्तीत वडाला जागा न ठेवणाऱ्या आराखड्यांना जरूर विचारावं. फेरे घालायला झाड उभं असावं लागतं आणि त्याच्याभोवती चालायला मोकळी जमीन. पूजा उरली आणि झाड गेलं, तर त्या पूजेने जे राखलं होतं ते कोण राखणार? २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळी ओळख मिळाली. तो कायदा नागरी भागापुरता आहे. कायद्याबाहेरही झाडाला मान देता येतो. बीडजवळच्या पालवणला फेब्रुवारी २०२० मध्ये सह्याद्री देवराई या संस्थेचं वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. ही कल्पना गोड तर होतीच, पण तिच्यात ताकदही होती: ज्याला कोणी मालक नाही त्याला मान द्यायचा तर तो जाहीरपणे द्यावा लागतो.

ग्रामपंचायतीच्या हातात मात्र एक साधन आधीपासून आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. त्या वहीत गावच्या प्रत्येक जुन्या वडाचं पान असायला हवं: गट क्रमांक, बुंध्याचा घेर, किती पारंब्या जमिनीला टेकल्या, फळं कोणत्या महिन्यांत येतात, कोणती पाखरं उतरतात, खाली कोणता देव आहे, पार कोणी बांधला, तिथे पूर्वी कोणाला बसू देत नव्हते आणि आता कोण कोण बसतं. घेर मोजायचं काम शाळेतली पोरं एका दुपारी करतील. बाकीच्या उत्तरांसाठी सत्तरी ओलांडलेल्या बायका आणि गडी यांच्याकडे जावं लागेल, आणि ते काम पुढच्या ज्येष्ठ पौर्णिमेच्या आधी सुरू करता येईल.